सरावाचं माणूस

४ जून

प्रिय भाचीबाई,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" करत दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतेस आणि ते मला ऐकू येतं. म्हणून पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे. तुझं अक्षर अजून सुधारलेलं नाही, पण मी जन्मभर पोरांचे पेपर तपासलेत, मला सवय आहे.

तर तुझ्या सांगण्यावरून मी गुरुवारी इथल्या समुपदेशन केंद्रात जाऊन आले. तू म्हणाली होतीस, "मावशी, तिथे शिकणाऱ्या मुलींना सरावाला खरी माणसं लागतात. आठवड्यातून एक तास जाऊन बस आणि तुझी एखादी अडचण सांग. त्यांची परीक्षा होईपर्यंत तेवढं कर." म्हटलं, ठीक आहे. निवृत्त झाल्यापासून मी घरी बसून असे काय दिवे लावतेय? एखाद्या पोरीला मदत झाली तर झाली.

खोली बरी आहे. दोन खुर्च्या समोरासमोर, पण जराशा तिरक्या, म्हणजे बोलणाऱ्याला नजर चुकवायला जागा राहते. मधे तिवईवर कागदी रुमालांचा डबा. तो आधीच माझ्या बाजूला सरकवून ठेवलेला होता. असा अपमान माझा बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी पंचविशीची असेल. मी तिला मनातल्या मनात लगबग म्हणते. आली तीच धापा टाकत. पर्स एका खुर्चीवर, छत्री दुसरीवर, मग लक्षात आलं की दुसरीवर मी बसलेय. टेकायच्या आत म्हणाली, "काकू, तुमची अडचण सांगा, आपण सोडवून टाकू." घरी नळ गळायला लागला तर मी हिलाच बोलावणार आहे.

आता मला अडचण कुठली? पाय धड आहेत, दात स्वतःचे आहेत. म्हटलं, सगळं छान चाललंय. तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. तू तर बजावून सांगितलं होतंस की सगळं ठीक आहे म्हणू नकोस, तिच्या हाताला काहीतरी लागू दे. म्हणून मी म्हटलं, "मुलाची काळजी वाटते."

हो, माझ्या मुलाची. तो परदेशात असतो, थंड देशात. तुटक वागतो, महिनोन् महिने फोन करत नाही. भूगोल शिकवलेला असल्यामुळे तिथलं हवामान मात्र मी बिनचूक सांगितलं.

लगबगची कळी खुलली. तासभर ती मला उपाय सांगत होती आणि मी मान डोलवत होते. निघताना म्हणाली, "काकू, किती मोकळं बोललात तुम्ही." मदत केल्याचं समाधान घेऊन मी घरी आले.

तुझी मावशी


१२ जून

ए मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग केबिनचं दार लावून हसले आणि मग घाबरले. मुलगा? अगं, साधी गुडघेदुखी सांगायची, शेजारणीशी भांडण सांगायचं. तू थेट माणूसच जन्माला घातलास.

नीट ऐक. सरावाच्या माणसाने खरं तेच सांगायचं असतं, छोटं असलं तरी चालतं. आणि तुझी लगबग (नाव अगदी चपखल आहे, मी आता तिला दुसऱ्या नावाने हाक मारू शकणार नाही) एकदा नापास झालेली आहे. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती उपाय सांगायला लागते. गेल्या वेळी परीक्षकांनी लिहिलं होतं की मन चांगलं आहे, पण ऐकून घेत नाही. ही तिची शेवटची संधी आहे. या वेळी गेली तर केंद्र तिला पुन्हा बसू देणार नाही. परीक्षेत तिला दोन परीक्षकांसमोर तुझ्याशीच बोलायचं आहे. तिचं सरावाचं माणूस आलं नाही तर परीक्षाच होत नाही. म्हणजे पोरगी तुझ्या हातात आहे, हे लक्षात ठेव.

तेव्हा येत्या गुरुवारी मुलगा मागे घे. सरळ सांग की मी गंमत केली.

आणि तू माझी मावशी आहेस हे तिथे बोलू नकोस. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यात नातं कसं जमतं, यावर माझं संशोधन चाललंय आणि त्यात नातेवाईक चालत नाहीत. मी तुला गुपचूप घुसवलंय.

तुझी घाबरलेली भाची


२१ जून

प्रिय भाचीबाई,

मी मुलगा मागे घ्यायलाच गेले होते. रस्ताभर वाक्य जुळवलं, "बाळ, मागच्या वेळी मी जरा चेष्टा केली." आणि आत पाऊल टाकते तो लगबगने तिवईवर नकाशा पसरलेला. त्या थंड देशाचा. कडेला तिथली वेळ आणि आपली वेळ लिहून आणलेली, म्हणजे माझा मुलगा जागा कधी असतो ते मला कळावं. नद्यांना निळा रंगसुद्धा दिला होता. ज्या बाईने आयुष्यभर पोरांना नकाशे रंगवायला लावले, तिच्यापुढे कुणी असा नकाशा ठेवला तर तिने काय करावं? मी नकाशाचं कौतुक केलं आणि मुलाला नोकरी लावून दिली.

दुसऱ्या गुरुवारी त्याचं लग्न झालं. बायको अबोल आहे, पण मनाने चांगली आहे. त्याची पाठ दुखते, बर्फ उपसून.

आता मात्र मला त्याचा व्याप झेपेनासा झालाय. मागच्या वेळी त्याला बुटका म्हटलं होतं की उंच, तेही आठवत नाही. म्हणून मी त्याला मारून टाकायचं ठरवलंय. विमान वगैरे नको, उगाच पेपरात शोधत बसेल. साधं हृदयविकाराचं काहीतरी. तुझं मत कळव.

आणखी एक. तास संपला की लगबग मला झोप कशी लागते, जेवण जातं का, या आठवड्यात कुणाकुणाला भेटलात असं विचारते. परीक्षा तिची आहे ना? मग माझं जेवण कशाला मोजायचं?

तुझी मावशी


२८ जून

मावशी,

मारू नकोस. हात जोडते. सरावाच्या माणसाच्या घरी मृत्यू झाला की सराव तिथेच थांबवतात आणि त्या माणसाला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतात. तुला तिथे दुःख करत बसावं लागेल आणि लगबगच्या हातात कुणीच उरणार नाही. जिवंत ठेव त्याला. फार तर चार दिवसांसाठी घरी येऊ दे, तुमचं गोड होऊ दे आणि परत पाठव. मिटलं प्रकरण.

झोपेचं आणि जेवणाचं सगळ्यांनाच विचारतात. तू त्यात डोकं घालू नकोस. खरी उत्तरं देत जा म्हणजे झालं.

कुणाकुणाला भेटलात, याचं तू काय उत्तर दिलंस?

भाची


१५ जुलै

प्रिय भाचीबाई,

आधी बस, मग वाच.

तू म्हणालीस मुलाला घरी येऊ दे. मी लगबगला सांगितलं, येतोय. ती खुर्चीतून उठलीच. "काकू, त्यांना गुरुवारी इकडे घेऊन या. आपण तिघं बसू." मी हो म्हणून बसले. तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता की नाही म्हणायला तोंडच उघडेना. म्हणजे गुरुवारच्या आत मला एक मुलगा पैदा करणं भाग होतं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक तुला आठवत असेल. गोल चेहऱ्याचा. शाळेत माझ्या वर्गात होता, अजून मला बाईच म्हणतो. हौशी नाटकात कामं करतो. आजवर त्याला हवालदार आणि प्रेत सोडून तिसरी भूमिका मिळालेली नाही. मी विचारलं, तासभर माझा मुलगा होशील का. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि हळूच विचारलं, "बाई, रडायचं आहे?" म्हटलं, मुळीच नाही. तो हिरमुसला.

गुरुवारी हा गृहस्थ लोकरीचा कोट घालून, चाकाची बॅग ओढत हजर. बाहेर पावसाने उघडीप दिलेली आणि ऊन मी म्हणतंय. "इकडे किती उकडतं" हे वाक्य त्याने बसवून आणलं होतं, ते येता-जाता म्हणत राहिला. तोपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग लगबगने त्याला विचारलं, आईला काय सांगावंसं वाटतं? तो माझ्याकडे वळला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "बाई..."

लगबगचे कान टवकारले. "तुम्ही आईला बाई म्हणता?"

मी म्हटलं, "माझ्याच वर्गात होता. वर्गात आई म्हणायचं नाही असा माझा दंडक होता. मग तीच सवय लागली." खोटं बोलण्यात माझा हात इतका साफ आहे हे मला या वयात कळतंय.

लगबगने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच सावकाश बोलली. म्हणाली, "म्हणजे यांना शाळेत बाई मिळाली आणि घरी आल्यावरही बाईच मिळाली. आई भेटलीच नाही."

आणि आमचा केमिस्ट रडला. नाटकातलं नाही, खरं. नाक लाल झालं. लगबगने रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला तेव्हा मला जरा बरं वाटलं. मग तो मला म्हणाला, "नकाशात नदी चुकली म्हणून मला अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलंस तू." हे मात्र खरंच घडलं होतं. पण त्याची नदी डोंगर चढत होती, त्याला मी काय करणार?

शेवटी लगबगने त्याच्याकडून कबूल करून घेतलं की इथे असेपर्यंत दर रविवारी आईकडे जायचं. मला वाटलं, सुटलो. कसलं काय. रविवारी सकाळी दार वाजलं. "बाई, शब्द दिलाय." दोन तास बसला, माझी बिस्किटं संपवली, येणाऱ्या नाटकातले संवाद मला म्हणून दाखवले आणि मी रक्तदाबाच्या गोळ्या चुकीच्या वेळी घेतेय म्हणून मलाच रागावला. पुढच्या रविवारीही येणार आहे. याला आता परदेशी कसा पाठवू?

तुझी त्रस्त मावशी


१९ जुलै

मावशी,

"आई भेटलीच नाही" वाचून मी इतकी हसले की शेजारच्या केबिनमधल्या सरांनी येऊन विचारलं, बरं आहे ना. त्यांना काय सांगू?

पण लगबगचं ते वाक्य बघ. चुकीच्या माणसाबद्दल होतं, पण थांबून, ऐकून बोलली ती. ती सुधारतेय आणि ते तुझ्यामुळे.

आणि रविवारी घरी कुणी येतं म्हणून तू तक्रार केलीस. काका गेल्यापासून तुझ्या तोंडून अशी तक्रार मी ऐकली नव्हती. मला ती फार आवडली. चालू ठेव.

परीक्षा ८ ऑगस्टला आहे.

भाची


२ ऑगस्ट

संशोधकबाई,

केंद्रात बाहेरच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात. तेही सरावाचं माणूस. काल आमच्या दोघांच्या शिकाऊ मुलींना उशीर झाला, म्हणून बोलणं निघालं. त्यांनी त्यांच्या मुलीला शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून चाललेलं भांडण सांगितलंय. त्यांना शेजारी नाही आणि कुत्राही नाही. म्हणजे मी एकटीच नव्हते.

मग मी विचारलं, तुम्हाला इथे कुणी पाठवलं? म्हणाले, सुनेने. "बाबा, त्या मुलींना मदत होईल" असं म्हणाली. पलीकडे एक जुनी नर्स बसली होती, तिला भावाने पाठवलेलं. तिलाही तेच सांगितलं, मुलींना मदत होईल. तिघंही एकटी राहणारी. तिघांचेही जोडीदार गेलेले. पोस्टमास्तर जरा चौकस आहेत. ते सरळ ऑफिसात जाऊन विचारून आले होते. तिथल्या बाईंनी आढेवेढे न घेता सांगितलं की मुली शिकतात हे खरंच, पण संशोधन आहे ते तुमच्यावर. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना मदत करायला म्हणून बोलावलं तर ती मदत घ्यायला लागतात का, ते बघायचं आहे. पहिल्या दिवशी तशी सहीसुद्धा घेतली होती म्हणे. बारीक अक्षर होतं, मी वाचलं नाही. भाचीने पाठवलंय म्हटल्यावर वाचायचं कशाला?

तेव्हा झोप, जेवण आणि कुणाला भेटलात याचा अर्थ कळला. रविवारची तक्रार तुला का आवडली तेही कळलं.

मी मदत करायला जात नव्हते. मला फसवून मदतीला नेलं जात होतं. तू आणि तुझ्या आईने मिळून माझी कीव केलीत आणि वर मला सांगितलंत की मी उपकार करतेय. याचा मला किती राग आलाय ते पत्रात मावणार नाही.

परीक्षेला मी येणार नाही. तुमच्या मुलीला दुसरं माणूस बघा.

मावशी


५ ऑगस्ट

मावशी,

खरं आहे. सगळं खरं आहे. हे पत्र माणसाबरोबर पाठवतेय, म्हणजे वेळेत पोचेल.

काका गेल्यावर आई तुला म्हणाली, चार दिवस आमच्याकडे ये. तू म्हणालीस, मला काय धाड भरलीय? शेजारणीने जेवण पाठवलं, तर तू दुसऱ्या दिवशी तिच्या घरच्या सगळ्यांना पुरेल एवढं करून पाठवलंस. तुला सोबत म्हणून मी राहायला आले, तर तू मलाच पांघरूण घातलंस आणि माझ्याच सर्दीला काढा केलास. तू कुणालाही तुझ्यासाठी काही करू देत नाहीस. मी परत येताना बसमध्ये रडले आणि तेव्हाच डोक्यात आलं की ही बाई मदत घेणार नाही, पण कुणाला मदत कर म्हटलं की धावत जाईल. तिथे जाऊन बसली तर निदान बोलेल. माझं सगळं संशोधन त्या एका विचारावर उभं राहिलंय. बाकीची माणसं नंतर आली. पहिली तू होतीस.

मी तुला फसवलं. तुला वाईट वाटेल हे माहीत असून फसवलं. तू मुलगा बनवलास आणि मी हे केलं, तेव्हा ही खोड घराण्यातच असावी. पण कीव नव्हती मावशी, काळजी होती.

माझ्यावर राग धर. हवा तेवढा धर. पण लगबगला यातलं काहीच माहीत नाही. तू नाही गेलीस तर आठ तारखेला ती दोन परीक्षकांपुढे रिकाम्या खुर्चीसमोर बसेल आणि घरी जाईल. तुझ्यासाठी नकाशा रंगवून आण असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मुलाचं काय करायचं ते तू ठरव.

तुझी भाची


१० ऑगस्ट

भाचीबाई,

राग आहे. तो जपून ठेवलाय, भेटलीस की देईन.

परीक्षेला गेले ती लगबगसाठी. मनाशी ठरवलं होतं की आज मुलगा असा उभा करते की परीक्षकांनीच रुमाल काढावेत. पोरीला चांगली केस मिळाली म्हणजे झालं. परीक्षक कोपऱ्यात बसले होते, एक उंच बाई आणि एक सतत चष्मा पुसणारे गृहस्थ. लगबग माझ्या आधी येऊन बसली होती. ओठ पांढरे पडले होते.

मी सुरुवात केली. मुलगा परत गेला. विमानतळावर काचेपलीकडून हात केला. जाताना एकदा आई म्हणाला. इथे मी थांबले, कारण एवढं बोललं की लगबग मधे तोंड घालते आणि उपाय सांगते, मग मला पुढचं सुचतं. ती काही बोलली नाही. मी वाट बघितली. ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा थोडं बोलले, पुन्हा थांबले. काही नाही. तेव्हा मला कळलं की ती अडवायची म्हणून माझा मुलगा चालत होता. कुणी अडवेना म्हटल्यावर माझंच बोलणं माझ्या कानावर पडायला लागलं आणि त्या मुलाचा मला एकदम कंटाळा आला.

मी म्हटलं, "मला मुलगा नाही."

कोपऱ्यातलं चष्मा पुसणं थांबलं. लगबग तशीच बसलेली.

मग मी जे बोलले ते तुलाही माहीत नाही. तुझे काका रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारायचे, आज वर्गात काय झालं? मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी सवयीने विचारलं आणि जीभ चावली. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून मी म्हटलं, आज एका पोरीने नकाशात समुद्रच काढला नाही. ते हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम विचारलं. मग ते सुरूच राहिलं. वर्ग नव्हता, पोरं नव्हती, दोघांनाही माहीत होतं. तरी मी रोज सांगायचे आणि ते रोज ऐकायचे. पोरं मोठी झाली, भांडली, पुढच्या वर्गात गेली. ते मधेच म्हणायचे, त्या चष्मेवाल्याला फार मारत जाऊ नकोस. हॉस्पिटलातसुद्धा विचारायचे. बोलता येत नव्हतं तर भुवया उंचावून विचारायचे.

ते गेले आणि विचारणारं कुणी राहिलं नाही. ती सगळी पोरं माझ्या डोक्यात नुसती बसून आहेत. मला मदत नको असं नाही. मला कुणीतरी विचारायला हवंय. हे मी परीक्षकांसमोर, दोन परक्या माणसांसमोर बोलले आणि रडले.

लगबग फक्त "हं" म्हणाली. तेवढ्यात वेळ संपली.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिने भिंतीला पाठ टेकली. म्हणाली, "काकू, मी नापास. पाठ केलेलं सगळं उडून गेलं. डोकं कोरं झालं हो, मला एक शब्द सुचला नाही." तेवढ्यात त्या उंच परीक्षक बाई आल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "इतकी जाणती शांतता फार दिवसांनी बघितली." लगबग खरं सांगायला तोंड उघडतेय एवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला. माझा सल्ला तिने पहिल्यांदाच ऐकला.

बाई गेल्यावर तिला मुलगा आठवला. "मग ते कोण होते?" म्हटलं, औषधाच्या दुकानातला. ती म्हणाली, "तरीच. मी खोकल्याचं औषध घ्यायला गेले, तर ते काउंटरखाली वाकून बोलत होते." त्यानंतर बसस्टॉप येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. रागावली होती आणि तिचं बरोबर होतं. मी माफी मागितली. बस आल्यावर पायरीवर उभी राहून म्हणाली की मी खोटं बोलणं कमी करावं, सकाळी चालायला जावं, पाणी जास्त प्यावं आणि एखादा छंद लावून घ्यावा. कंडक्टरने घंटा वाजवली तरी सांगतच होती.

तिचं डोकं कोरं झालं होतं हे तुझ्या संशोधनात घालायचं नाही. घातलंस तर मी तुझी मावशी नाही.

मावशी


१८ ऑगस्ट

मावशी,

लगबग पास झाली. शेरा आहे, "ऐकण्याची विरळा क्षमता." मी तोंड मिटून बसले.

तू माझी मावशी आहेस हे मी केंद्राला सांगून टाकलं. माझ्या सरांनी मला उभं आडवं घेतलं. तुझी सगळी माहिती संशोधनातून वगळावी लागली. पहिला भाग पुन्हा लिहायचाय, सहा महिने तरी मागे गेले. बरंच झालं. आता तू कशात मोजली जात नाहीस. म्हणून आता जे विचारतेय ते मी कुठेही लिहिणार नाही.

आज वर्गात काय झालं?

तुझी भाची


२४ ऑगस्ट

भाचीबाई,

तुझं पत्र आल्यावर मी तशीच दारात उभी राहिले. केमिस्ट आला होता, म्हणाला, बाई, चक्कर येतेय का? म्हटलं, नाही, तू बिस्किटं खा.

तर आज वर्गात नेहमीचा गोंधळ होता. पहिल्या बाकावरची धांदरट मुलगी पास झाली, तिने सगळ्यांना गोळ्या वाटल्या आणि गोळ्या कशा चघळायच्या तेही सांगितलं. चष्मेवाल्याने आज मार खाल्ला नाही.

मागच्या बाकावर एक मुलगी खाली मान घालून काहीतरी करत होती. जवळ जाऊन बघते तर ही आपल्या मावशीवर प्रयोग करत बसलेली, मावशीला न विचारता. मी तिला उभं केलं. अख्खा वर्ग हसला. विचारलं, काय ग, लाज नाही वाटली? म्हणाली, वाटली, पण काळजी जास्त वाटत होती. असं उत्तर दिल्यावर काय शिक्षा करायची ते मला सुचेना. मी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. पाय दुखले असतील तिचे. शेवटी हळूच म्हणाली, "बाई, मी खाली बसू?"

मी म्हटलं, तिथे नको. इकडे माझ्या शेजारी येऊन बस.

तुझी मावशी